वर्गात २ चा घन १ आला, आता काय करू?

पत्र थोडक्यात असं आहे. एक शिक्षिका २२ वर्षं गणित शिकवतायत, शाळेच्या वरच्या वर्गांना आणि पदवीच्या पहिल्या वर्षाला. खडू-फळ्यावर त्यांचं छान चाललं होतं. मग वर्गात प्रोजेक्टर आला आणि पाठोपाठ "गणिताचं सॉफ्टवेअर वापरून शिकवा" असं सगळीकडून ऐकू यायला लागलं. त्यांनी तीन वेळा मनापासून सुरुवात केली. आधी जिओजेब्रा, मग कोणीतरी म्हणालं म्हणून मॅक्सिमा, मग आणखी कोणीतरी म्हणालं की आता पायथनच शिका, तर त्याचा ऑनलाइन कोर्स, जो चौथ्या धड्यावर सुटला. मागच्या महिन्यात धीर करून त्यांनी वर्गात पायथन उघडलं, २ चा घन टाइप केला, पडद्यावर १ आला आणि मुलं हसली. लॅपटॉप तेव्हा मिटला तो वर्गात पुन्हा उघडलेला नाही. त्यांचे प्रश्न तीन आहेत. यातलं नक्की कुठलं सॉफ्टवेअर शिकावं? पूर्ण येत नाही तोवर वर्गात न्यावं का, कारण मुलं त्यांच्यापेक्षा पटापट करतात? आणि मशीनच सगळं सोडवून देणार असेल तर मुलांचा हात बसणार कसा, परीक्षा तर शेवटी पेन-कागदावरच आहे?

ताई,

आधी त्या १ बद्दल बोलू या. तुमच्या पत्रात बाकी सगळं सविस्तर आहे आणि हे मात्र एका ओळीत उरकलंय, म्हणजे तेच जास्त लागलंय असं मला वाटतं. तुम्ही २ लिहिलंत, मग ते टोपीसारखं चिन्ह, मग ३. एक्सेलमध्ये, जिओजेब्रात, मॅक्सिमात सगळीकडे त्या टोपीचा अर्थ घात असाच आहे, त्यामुळे तुमचं काही विचित्र चुकलं नव्हतं. पायथनमध्ये घातासाठी दोन तारे लागोपाठ द्यावे लागतात आणि टोपीचं काम वेगळंच आहे. दोन्ही संख्या बायनरीत, म्हणजे फक्त ० आणि १ हे अंक वापरून, एकाखाली एक मांडायच्या, जिथे अंक सारखे तिथे ०, जिथे वेगळे तिथे १. आता २ म्हणजे १० आणि ३ म्हणजे ११. डावीकडे दोन्ही १, सारखे, म्हणून ०. उजवीकडे ० आणि १, वेगळे, म्हणून १. उत्तर ०१, म्हणजेच १. मशीनने त्याला जे विचारलं गेलं त्याचं बरोबर उत्तर दिलं, फक्त तो प्रश्न तुमच्या मनातला नव्हता.

माझं म्हणणं, हेच घेऊन परत वर्गात जा. "मागच्या वेळी २ चा घन १ आला होता, का आला ते आज बघू" एवढंच म्हणा, आणि मुलांना विचारा की मग ५ टोपी ३ किती येईल? आधी वहीत करू दे. १०१ आणि ०११, सारखे तिथे ०, वेगळे तिथे १, आलं ११०, म्हणजे ६. मग मशीनवर टाइप करा, ६ येतो. मग त्या ६ ला परत टोपी ३ करा, परत ५ येतो, आणि इथे एखादं तरी मूल विचारेल की हे नेहमीच होतं का. होतं, आणि कुठल्याही संख्येला तिची स्वतःचीच टोपी घातली की ० का येतो हे कळलं की त्यामागचं कारणही मुलंच सांगतील. एकाच किल्लीने निरोप कुलूपबंद करायचा आणि त्याच किल्लीने उघडायचा, ही सांकेतिक लिपीतली युक्ती यावरच उभी आहे. म्हणजे ज्या चुकीने तुम्ही लॅपटॉप मिटला तिच्यात एका तासाचं चांगलं गणित दडलेलं होतं.

आता तुमचा दुसरा प्रश्न, पूर्ण आल्याशिवाय वर्गात न्यावं का. मला यातला "पूर्ण" हा शब्दच खटकतोय. या सॉफ्टवेअरपैकी एकही कोणालाच पूर्ण येत नाही. सेज नावाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये तर संख्यासिद्धांतापासून (नंबर थिअरी) ग्राफ थिअरीपर्यंत वेगवेगळ्या लोकांनी वर्षानुवर्षं लिहिलेली कितीतरी पॅकेजेस एकत्र बांधलेली आहेत, ती ज्यांनी बांधली ते सुद्धा आपापला कोपरा सोडून बाकीच्या ठिकाणी मॅन्युअल उघडूनच बसतात. तुम्हाला फळ्यावर जे येतं ते पूर्ण येतं कारण तुम्ही २२ वर्षं तीच प्रकरणं शिकवताय, आणि त्याच मापाने तुम्ही सॉफ्टवेअर मोजताय, म्हणून ते कायम अपुरं वाटणार. तिन्ही प्रयत्न सुटले याचं कारण वय नाही की बुद्धीही नाही. प्रत्येक वेळी तुम्ही सॉफ्टवेअर शिकायला बसलात, आणि जवळ स्वतःचा प्रश्न नव्हता. चौथ्या धड्यात विद्यार्थ्यांच्या नावांची यादी उलटी कशी लावायची हे शिकवत असतील, ते तुम्हाला कशाला हवंय? ज्याला काही विचारायचंच नाही त्याला कमांड लक्षात राहत नाहीत.

आणि गंमत म्हणजे ही सॉफ्टवेअर जन्माला आली तीसुद्धा अशीच, कोणाच्या तरी अडलेल्या कामातून, आणि त्यातली बरीचशी शिकवण्याच्या कामातून. क्लीव्ह मोलर विद्यापीठात शिकवत होते, विद्यार्थ्यांना मॅट्रिक्सची मोठमोठी गणितं करता यावीत पण त्यासाठी फोरट्रान या प्रोग्रामिंगच्या भाषेत प्रोग्राम लिहीत बसायला लागू नये म्हणून त्यांनी १९७० च्या दशकाच्या शेवटी मॅटलॅब लिहिलं, त्याची कंपनी पुढे १९८४ मध्ये झाली. मॅटलॅबसारख्याच पण मोफत असलेल्या ऑक्टेव्हची कल्पना केमिकल इंजिनिअरिंगच्या एका पाठ्यपुस्तकाला जोड म्हणून निघाली आणि जॉन ईटन यांनी १९९२ पासून ते लिहायला घेतलं. जिओजेब्रा हे मार्कुस होहेनवार्टर यांचं साल्झबर्ग विद्यापीठातलं पदव्युत्तर प्रबंधाचं काम, २००१ चं, भूमितीतली आकृती आणि बीजगणितातलं समीकरण एकाच पडद्यावर एकमेकांना बांधलेलं असावं, एक हलवलं की दुसरं हलावं, एवढ्याच इच्छेतून आलेलं. सेज २००५ मध्ये विल्यम स्टाइन या संख्यासिद्धांतात काम करणाऱ्या गणितज्ञाने सुरू केलं, त्याला आपल्या संशोधनासाठी असं काहीतरी हवं होतं ज्याच्या आत डोकावून बघता येईल की उत्तर कसं काढलं. मॅक्सिमा तर सगळ्यात जुनं, एमआयटीत १९६० च्या दशकाच्या शेवटी सुरू झालेल्या त्याच्या पूर्वजाला मॅकसिमा म्हणायचे, विल्यम शेल्टर यांनी ते कित्येक वर्षं एकट्याने सांभाळलं आणि १९९८ मध्ये सगळ्यांना मोफत खुलं करायची परवानगी मिळवली.

हे एवढं सांगितलं कारण तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. कुठलं शिकू, असं विचारण्याऐवजी या आठवड्यात मला मुलांना काय दाखवायचंय असं विचारा, हत्यार आपोआप ठरतं. छेदिका सरकत सरकत स्पर्शिका कशी होते, साइनच्या वक्राला बहुपदी कशी चिकटत जाते, हे दाखवायचं असेल तर जिओजेब्रा, स्लायडर धरून ओढायचा, अर्ध्या तासात जमतं. नुसते ग्राफ पटापट हवे असतील तर डेस्मॉस आहे. लांबलचक बीजगणित, इंटिग्रेशन, अवयव, हे चिन्हांतच हवं असेल तर मॅक्सिमा, आणि ते डब्ल्यूएक्स-मॅक्सिमा या मेनूवाल्या रूपात घ्या, म्हणजे कमांड पाठ नसली तरी अडत नाही. मूळ संख्या, गट, ग्राफ थिअरीतले बिंदू-रेघांचे ग्राफ, मोजणी यांच्याशी खेळायचं असेल तर सेज, आणि ते आधी इन्स्टॉल करत बसू नका, ब्राउझरमध्ये सेजमॅथसेल नावाचा एक चौकोन उघडतो, त्यात टाइप करा आणि चालवा. शिवाय सेजमध्ये टोपी म्हणजे घातच आहे, त्यांनी ती सोय मुद्दाम केलीय. मॅथेमॅटिका, मेपल, मॅटलॅब ही विकतची, उत्तम आहेत, तुमच्या संस्थेकडे आधीच असतील तर जरूर वापरा, पण तुम्ही जे शिकवता त्यासाठी फक्त तेवढ्याकरता अडून राहायची गरज नाही. मला निवडून द्यायला सांगाल तर मी म्हणेन वर्षभर फक्त दोन, जिओजेब्रा आणि सेजमॅथसेल. मॅक्सिमा आवडलं असेल तर सेजच्या जागी ते, पण दोनच्या वर नको. एका ठिकाणी बरोबरच्या चिन्हाने नाव द्यायचं, मॅक्सिमात विसर्गासारख्या दोन टिंबांनी द्यायचं आणि ओळीच्या शेवटी अर्धविराम, अशा बारीकसारीक गोष्टींची सरमिसळ झाली की माणूस गणितापेक्षा चिन्हांशीच भांडत बसतो.

आता प्रश्न घेऊन शिरणं म्हणजे काय ते एका उदाहरणाने दाखवते, मी हे स्वतः वर्गात केलेलं आहे.

द. रा. कापरेकर, शाळेत शिकवणारे गणिती. त्यांची ती प्रसिद्ध रीत, चार अंकी संख्या घ्यायची, सगळे अंक सारखे नसलेली, अंक उतरत्या क्रमाने लावायचे, चढत्या क्रमाने लावायचे, मोठ्यातून लहान वजा करायची, आणि आलेल्या उत्तराला परत तेच. ३५२४ घ्या. ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. मग ८७३० वजा ०३७८, ८३५२. मग ८५३२ वजा २३५८, ६१७४. आणि ६१७४ ला तेच केलं तर ७६४१ वजा १४६७, परत ६१७४. कापरेकरांना हे १९४९ मध्ये सापडलं, हातात फक्त कागद.

वर्गात पहिली १५ मिनिटं लॅपटॉप बंद होता. प्रत्येकाने आपली संख्या घेतली, वहीत केलं, आणि सगळ्यांना ६१७४ आल्यावर जो काही गलका झाला तो कुठल्याही प्रोजेक्टरने झाला नसता. मग प्रश्न मुलांकडूनच आला, सगळ्याच संख्यांचं असं होतं का आणि जास्तीत जास्त किती पायऱ्या लागतात. हे हाताने होत नाही, आणि इथे मशीन उघडायचा क्षण येतो. दोन मुलांनी मिळून सात-आठ ओळींचा प्रोग्राम लिहिला, चालवला, आणि त्यांच्या प्रोग्राममध्ये १००० ही संख्या शून्यावर जाऊन बसली.

मला खरं सांगायचं तर त्या वेळी मलाही लगेच कळलं नव्हतं की का. आम्ही सगळ्यांनी मिळून १००० फळ्यावर केली. १००० वजा ०००१, ९९९. आणि मशीनसाठी ९९९ ही तीन अंकी संख्या होती, उलटसुलट सारखीच, वजाबाकी शून्य. आपण वहीत नकळत ०९९९ लिहितो, मशीनला ते सांगावं लागतं. तो पुढचा शून्य जपायची एक ओळ घातल्यावर ०००० ते ९९९९ मधल्या, सारख्या अंकांच्या १० सोडून, उरलेल्या सगळ्या ९९९० संख्या ६१७४ वर आल्या, कोणालाही ७ पेक्षा जास्त पायऱ्या लागल्या नाहीत, आणि सगळ्यात जास्त संख्या, २४००, बरोबर ३ पायऱ्यांत पोचतात असं दिसलं.

इथे बरेच जण थांबतात, उत्तर मिळालं म्हणून. पण तक्ता नीट बघितला तर दिसतं की पहिल्या वजाबाकीनंतर ९९९० वेगवेगळी उत्तरं येतच नाहीत, मोजकीच येतात, पुन्हा पुन्हा तीच. का? मशीन बंद, परत पेन. उतरत्या क्रमातले अंक अ, ब, क, ड धरा, वजाबाकी करा, तर येतं ९९९ गुणिले (अ वजा ड) अधिक ९० गुणिले (ब वजा क). म्हणजे चार अंकांशी देणंघेणंच नाही, फक्त दोन फरक. पहिला फरक १ ते ९, दुसरा ० पासून पहिल्याइतका, अशा जोड्या मोजल्या तर फक्त ५४. ९९९० संख्यांचा डोंगर ५४ जोड्यांवर आला, आणि ५४ तर वर्गातल्या मुलांनी वाटून घेऊन हाताने तपासल्या सुद्धा. ६१७४ म्हणजे फरक ६ आणि २, ५९९४ अधिक १८०, करून बघा.

यात मशीनने काय केलं ते बघा. हाताला न झेपणारं मोजून दिलं आणि कुठे बघायचं ते दाखवलं. का, हे नाही सांगितलं, ते वजाबाकीच्या दोन ओळींनी सांगितलं, आणि ती वजाबाकी मुलांच्या हातात बसलेली होती म्हणूनच ते जमलं.

म्हणजे तुमच्या तिसऱ्या प्रश्नाशी आलो, हात बसण्याच्या. ही भीती मला मुळीच जुनाट वाटत नाही, उलट जे लोक "आता कॉम्प्युटर आहे, हाताने कशाला" म्हणतात त्यांनी मुलांना कधी अवयव पाडताना जवळून बघितलेलं नसतं. पण तुम्ही प्रश्न "मशीन की हात" असा मांडलाय आणि मला वाटतं तो "आत्ता की नंतर" असा आहे. ब्रुनो बुखबर्गर नावाच्या ऑस्ट्रियन गणितज्ञाने, ज्याची १९६५ सालची ग्रोबनर बेसिसची पद्धत (अनेक बहुपदी समीकरणं एकत्र सोडवायची) आज चिन्हांत गणित करणाऱ्या जवळजवळ सगळ्या सॉफ्टवेअरच्या पोटात काम करते, त्याने १९९० च्या सुमारास शिकवण्यासाठी एक साधी वाट सुचवली होती. जी गोष्ट मूल आत्ता शिकतंय ती पांढरी पेटी, उघडी, प्रत्येक पायरी हाताने. जी शिकून झाली ती काळी पेटी, बटण दाबलं तरी चालेल. डेरिव्हेटिव्हचे नियम शिकत असताना मशीन बंद. तेच मूल पुढे महत्तम-किमान मूल्यं शिकतंय तेव्हा डेरिव्हेटिव्ह मशीनने काढू दे, कारण आता लक्ष दुसरीकडे हवंय. म्हणजे एकच कमांड एका महिन्यात वर्ज्य आणि दुसऱ्या महिन्यात चालते, आणि हे कुठल्या प्रकरणात कधी ते ठरवायला २२ वर्षांचा अनुभवच लागतो, ते तुमच्या पटापट टाइप करणाऱ्या मुलांना जमणार नाही.

एक सवय मात्र पहिल्या दिवसापासून लावा. एंटर दाबायच्या आधी प्रत्येकाने वहीत अंदाज लिहायचा. उत्तर धन येईल का ऋण, साधारण केवढं, ग्राफ कुठून वर जाईल. ही एवढी एक गोष्ट नसेल तर मुलं नुसती पडद्याकडे बघत बसतात आणि तास चांगला झाला असं आपल्याला उगाच वाटतं.

कारण मशीनच्या उत्तरावर सवाल करायला शिकवणं हे मला तर आताच्या घडीला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. साइन ३० विचारा, बहुतेक ठिकाणी ०.५ येणार नाही, उणे ०.९८८ येईल, कारण ते ३० रेडियन धरतात. ज्या मुलाने आधी अर्धा असं लिहून ठेवलंय ते अडखळेल, बाकीची उतरवून घेतील. पायथनला ०.१ अधिक ०.२ विचारा, ०.३०००००००००००००००४ असं काहीतरी शेपूट येतं, कारण बायनरीत ०.१ नेमका मांडताच येत नाही, जसा आपल्याला दशांशात एक तृतीयांश मांडता येत नाही. तेच अपूर्णांकात लिहून सेजला विचारलं की नेमकं ३/१० मिळतं. टॅनचा ग्राफ काढा, काही ठिकाणी मधे उभ्या रेघा दिसतील, त्या ग्राफचा भाग नाहीतच, मशीनने थोडे बिंदू घेऊन ते आंधळेपणाने जोडलेले असतात. उणे ८ चं घनमूळ विचारलं तर उणे २ च्या ऐवजी काल्पनिक भाग असलेली संख्या समोर येते, पायथनमध्ये उणे ८ कंसात लिहून त्याचा एक तृतीयांश घात काढला की येतेच, आणि ती चूक नाही, तीन घनमुळांपैकी ते दुसरंच एक आहे.

आणि माझं सगळ्यात आवडतं, साइन एक्स गुणिले कॉस एक्सचं इंटिग्रेशन. पुस्तकात साइन वर्गाचा अर्धा, सॉफ्टवेअर कधी कधी देतं उणे कॉस वर्गाचा अर्धा. मुलं म्हणणार मशीन चुकलं किंवा पुस्तक चुकलं. दोन्ही उत्तरांची वजाबाकी करायला सांगा, साइन वर्ग अधिक कॉस वर्ग म्हणजे १, त्यामुळे फरक येतो नुसता अर्धा, एक स्थिर संख्या. आपण वर्षभर ओरडत असतो ना की शेवटी अधिक सी लिहा, मार्क जातील, तो सी कशाला असतो हे या एका वजाबाकीत दिसतं. बहुतेक सॉफ्टवेअर तो सी लिहीतच नाहीत, आणि १/एक्सचं इंटिग्रेशन नुसतं लॉग एक्स असं देतात, निरपेक्ष मूल्याच्या रेघा न देता, आणि तो लॉग १० पायाचा नाही, ई पायाचा. हे सगळं मुलांनाच पकडू दे.

अजून एक धोका आहे आणि तो हुशार मुलांना जास्त. खूप उदाहरणं तपासली म्हणजे सिद्ध झालं असं त्यांना वाटायला लागतं. त्यांना ऑयलरची ती राशी द्या, न वर्ग अधिक न अधिक ४१. न च्या जागी ०, १, २ घालत जा, ४१, ४३, ४७, ५३, सगळ्या मूळ संख्या. मशीनवर ३९ पर्यंत चालवा, सलग ४० वेळा मूळ संख्या. मग न बरोबर ४०, आणि येतो १६८१, म्हणजे ४१ चा वर्ग. ४० ला का मोडणार हे कागदावर एका ओळीत दिसतं, ४० गुणिले ४१ अधिक ४१. आणि ४० हा आकडा लहान वाटत असेल तर पोल्या या गणितज्ञाचा अंदाज सांगा, की कुठल्याही संख्येपर्यंतच्या संख्या घेतल्या तर त्यातल्या निदान निम्म्यांच्या मूळ अवयवांची मोजदाद विषम असते, तो १९५८ मध्ये खोटा ठरला आणि तो जिथे पहिल्यांदा मोडतो ती संख्या ९० कोटी ६१ लाख ५० हजार २५७ आहे. तिथपर्यंत कोणीही कितीही उदाहरणं तपासली असती तरी खरंच वाटलं असतं. दुसऱ्या बाजूनेही सांगा, १९७६ मध्ये आपेल आणि हाकेन यांनी चार रंगांचं प्रमेय (शेजारचे प्रदेश वेगळ्या रंगाचे ठेवून कुठलाही नकाशा चार रंगांत रंगवता येतो) सिद्ध केलं ते असंख्य वाटणारी प्रकरणं मोजता येतील एवढ्यांवर आणून ती कॉम्प्युटरने तपासली म्हणूनच. पण आधी तिथवर आणणारा तर्क माणसांचा होता, आमच्या त्या ५४ जोड्यांसारखाच.

मुलं पटापट करतात याचं काय, असं तुम्ही विचारलंय. करू दे की. कीबोर्ड त्यांच्या हातात द्या, तुम्ही फळ्यापाशी उभ्या राहा. तुम्ही विचारायचं, त्यांनी टाइप करायचं, आणि उत्तर खरं कशावरून हे सगळ्यांनी ठरवायचं. ज्याला टायपिंग येतं पण १००० शून्यावर का गेली हे सांगता येत नाही त्याला तुमची गरज आहे, आणि त्याला ते वर्गात दोन दिवसांत कळतं. तुम्हाला एखादी कमांड अडली तर सरळ म्हणा की बघू या, आणि सगळ्यांसमोर शोधा. सेजमध्ये कमांडच्या नावापुढे प्रश्नचिन्ह टाकून चालवलं की माहिती आणि उदाहरणं दोन्ही उघडतात. शिक्षक अडल्यावर काय करतो हे मुलांना एरवी बघायलाच मिळत नाही, फळ्यावर आपण नेहमी आधी सोडवून आलेलंच लिहितो.

आजकाल प्रोग्राम एआयकडून लिहून घेता येतो, तुमच्यासारख्या बऱ्याच जणांना त्याने सुरुवात सोपी जाते आणि मला त्यात वावगं वाटत नाही. फक्त तो चालवण्याआधी ज्याचं उत्तर तुम्ही हाताने काढलंय अशी तीन उदाहरणं त्यातून काढून बघा, त्यातलं एक मुद्दाम तिरपागडं, १००० सारखं.

वेळेचं म्हणाल तर रोज तासभर वगैरे ठरवू नका, ते टिकत नाही आणि मग अपराधी वाटतं. आठवड्यातून एक प्रश्न, तुम्ही त्या आठवड्यात जे शिकवताय त्यातलाच, घरी ४० मिनिटं, आणि वर्गात १० मिनिटं. जे चाललं ते एका वहीत, तारीख, प्रश्न, नेमकं काय टाइप केलं, काय आलं, कुठे अडलं. ही वही हाताने लिहिलेली असू दे. वर्षभरात तिच्यात तीसेक पानं होतील आणि ती तुमच्यासाठी कुठल्याही कोर्सपेक्षा कामाची असतील, कारण त्यातला प्रत्येक प्रश्न तुमच्या वर्गाचा असेल. ज्या आठवड्यात मशीनची गरज नाही त्या आठवड्यात ते उघडू नका, भूमितीची एखादी सुंदर सिद्धता फळ्यावरच शोभते.

पुढच्या तासाला टोपीचं झालं की कापरेकरांचं घ्या. चार अंकी झाल्यावर मुलं विचारतीलच, तीन अंकीचं काय. तिथे ४९५ येतो. दोन अंकी कुठेच थांबत नाही, ०९, ८१, ६३, २७, ४५ असं गोल गोल फिरत राहतं. पाच अंकी सुद्धा एका जागी थांबत नाही, ५३९५५ वरून ५९९९४ आणि परत ५३९५५ अशी एक जोडी आहे, आणि चार-चार संख्यांची आणखी दोन चक्रं आहेत, ६१९७४ आणि ६२९६४ पासून सुरू करून बघा. सहा अंकीचं मी इथे मुद्दाम लिहीत नाही. ते त्या दिवशी जी मुलं हसली त्यांच्या हातात कीबोर्ड देऊन त्यांच्याकडूनच काढून घ्या, आणि पुढचे शून्य जपायला सांगायला विसरू नका.